उतारवयातील मांजरीच्या लघवीत रक्त दिसल्यास
आपल्या बारा वर्षांच्या मांजरीच्या लघवीत प्रतिजैविकांचा कोर्स संपल्यावरही पुन्हा रक्त दिसत असेल, तर तो केवळ संसर्ग आहे असे न मानता पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी, कारण मूत्राशयाचा कर्करोग मांजरांत विरळ असला तरी त्याची सुरुवातीची लक्षणे अगदी संसर्गासारखीच असतात. गाठीचा संशय असल्यास पोटातून सुई घालून लघवीचा नमुना घेणे टाळावे, अशी विनंती डॉक्टरांना आवर्जून करा. सुईच्या मार्गाने कर्करोगाच्या पेशी पसरू शकतात. मेलॉक्सिकॅमसारखे वेदनाशामक औषध मूत्रपिंडाची रक्ततपासणी झाल्यावरच सुरू करावे. घरातले पॅरासिटामॉल मात्र कधीही देऊ नका, ते मांजरांसाठी प्राणघातक असते. जोर करूनही लघवी होत नसेल, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री दवाखाना गाठा.