विभागीय सामन्यात पहिल्यांदा गुणलेखकाच्या टेबलावर बसताना

अमेरिकेतील हायस्कूल मुलांच्या विभागीय बास्केटबॉल स्पर्धा बहुधा बाद पद्धतीने खेळल्या जातात, म्हणजे हरलेल्या संघाचा हंगाम तिथेच संपतो. त्यामुळे साध्या सामन्यात खपून जाणारी नोंदीतली चूक येथे मोठ्या वादाचे कारण होते. दोन्ही संघांची नावे व क्रमांक सामन्याच्या निदान 10 मिनिटे आधी तुमच्या हाती आले पाहिजेत, आणि प्रत्येक क्रमांक सरावाच्या वेळीच खेळाडूंच्या जर्सीशी ताडून पाहावा, कारण ती 10 मिनिटांची मर्यादा उलटल्यावर गुणवहीत क्रमांक बदलावा लागला तर त्या संघावर तांत्रिक फाउल (धक्काबुक्कीसाठी नव्हे, तर नियमभंगासाठीचा दंड) लागतो.

खरी कसोटी फाउलांच्या नोंदीत आहे. पाचव्या फाउलला खेळाडू सामन्यातून बाद होतो, म्हणून तो होताच पंचांना तत्काळ कळवावे लागते. सांघिक फाउल (संघातील सर्व खेळाडूंच्या फाउलांची बेरीज) 2023-24 पासूनच्या राष्ट्रीय नियमांनुसार प्रत्येक 8 मिनिटांच्या क्वार्टरला नव्याने मोजले जातात आणि पाचव्यापासून प्रतिस्पर्ध्याला दोन फ्री थ्रो (बास्केटवर विनाअडथळा फेक) मिळतात. मात्र अतिरिक्त वेळेत चौथ्या क्वार्टरचीच मोजणी पुढे चालते, हे नवखे हमखास विसरतात. काही राज्ये स्वतःचे फेरफार करतात, म्हणून स्पर्धेचे परिपत्रक जवळ ठेवा.

गुणलेखक तटस्थ असतो, म्हणून आपल्या संघासाठी टाळ्या वाजवण्याचा मोह आवरा. (पालक नाराज होतात, होऊ द्यावे.) प्रत्येक टाइमआउटमध्ये वहीतला धावता गुणांक (दर गुणागणिक वाढणारी बेरीज) फलकाशी जुळवा आणि तफावत दिसल्यास खेळ पुन्हा सुरू होण्यापूर्वीच पंचांना बोलवा.