मागच्या सीटवरचा मार्शल

प्रश्न : ताई, रविवारी घरी ‘मिस्टर ब्रुक्स’ पाहिला. एवढा नावाजलेला कारखानदार, बायको-मुलीवर जीव टाकणारा, आणि रात्री माणसं मारतो! त्याच्याशी बोलणारा मार्शल दुसऱ्या कुणालाच दिसत नाही. आमचे हे म्हणाले, ‘‘पागल आहे तो, मानकापूरच्या पागलखान्यात काहून नाही टाकत त्याले?’’ ब्रुक्सला दुभंग व्यक्तिमत्त्वाचा आजार आहे का?
— एक वाचक, नंदनवन, नागपूर

उत्तर : मला तसं वाटत नाही. २००७ सालचा हा चित्रपट मी तीनदा पाहिलाय. पोर्टलंडमध्ये सत्कार आटोपून नवरा-बायको गाडीतून निघालेत आणि मागच्या सीटवरून मार्शल ब्रुक्सच्या मागे लागलाय, ‘आज करूच’. शेजारी बसलेल्या बायकोला त्यातलं अक्षरही ऐकू जात नाही. आपल्या नाटकात नट प्रेक्षकांकडे तोंड करून मनातलं बोलतो ना, ते स्वगत इथे मार्शल झालेल्या विल्यम हर्टच्या रूपाने समोर येऊन बसतं. ब्रुक्स झालेला केविन कॉस्टनर आणि तो एकाच वेळी हसतात, तेव्हा ही दोन माणसं नाहीत हे कळतं.

दुभंग व्यक्तिमत्त्वात एका रूपात केलेलं दुसऱ्या रूपाला बऱ्याचदा आठवत नाही. ब्रुक्सला सगळं आठवतं. काडतुसाची पुंगळी खाली पडू नये म्हणून तो पिस्तुलाला प्लास्टिकची पिशवी लावतो, घरी येऊन मातीकामाच्या भट्टीत कपडे जाळतो. खिडकीचे पडदे उघडे राहिले, एवढी एकच चूक त्याला महागात पडते. व्यसनमुक्तीच्या बैठकीत उभं राहून ‘मी व्यसनी आहे’ म्हणतो, कशाचं ते मात्र सांगत नाही. आपण करतो ते वाईट, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

आता पागलखान्याबद्दल. माझे मोठे मामा मानकापूरच्या मनोरुग्णालयात होते. रविवारी आजीबरोबर मीही डबा घेऊन जायची. वरण, पोळ्या आणि हंगामात संत्री. मामांना आवाज ऐकू यायचे. ते आवाज मार्शलसारखे गप्पा मारणारे नव्हते, नुसते शिव्या घालणारे. मामा कानांवर उशी दाबून कोपऱ्यात बसायचे. चपलासुद्धा उलट्या घालायचे. भट्टी पेटवून पुरावा जाळण्याचं भान कुठलं असणार? त्यांनी कधी कुणाला बोट लावलं नाही.

औषधं लागू पडली, आवाज कमी झाले, मामा घरी आले. रोज सकाळी अंगणातल्या जास्वंदीला पाणी घालायचे. गल्लीतली पोरं कुंपणापाशी येऊन ‘पागल, पागल’ ओरडायची. मामा बादली तिथेच ठेवून आत निघून जायचे, आणि उरलेलं पाणी आजी घालायची.