वाचकांचे प्रश्न: नेम अचूक, मग भलतीच माणसं का मरतात?

प्रश्न: सर, टीव्हीवर सांगतात की ड्रोनचा नेम इतका पक्का असतो की खिडकी सांगाल ती खिडकी. मग दर वेळी बायकापोरं मेल्याच्या बातम्या कशा येतात? नेम चुकतो की मुद्दाम करतात? (एक वाचक, सातारा)

उत्तर: नेम शक्यतो चुकत नाही हो. अमेरिकेच्या ड्रोनवरचं हेलफायर मिसाईल लेझरचा ठिपका पकडून जातं आणि ठिपका जिथे ठेवलाय तिथेच फुटतं. घोळ असतो तो त्याच्या आधी, म्हणजे खाली नेमकं कोण बसलंय हे कोणी आणि कशावरून ठरवलं त्यात. काबूलचंच बघा. २६ ऑगस्ट २०२१ ला एअरपोर्टबाहेर आत्मघाती स्फोट झाला, १३ अमेरिकन सैनिक आणि दीडशेच्या वर अफगाण गेले, दुसरा हल्ला होणार म्हणून सगळे टेन्शनमध्ये, आणि २९ तारखेला ड्रोन एका पांढऱ्या टोयोटा कोरोलाच्या मागे लागला. तब्बल आठ तास वरून बघत होते. माणूस गाडीत जड डबे ठेवतोय, इकडून तिकडे जातोय, म्हणजे स्फोटकंच असणार. गाडी घराच्या अंगणात शिरली आणि मिसाईल बरोब्बर गाडीवर पडलं. नेमाला दहापैकी दहा मार्क! डब्यांत पाणी होतं. माणूस एका अमेरिकन मदतसंस्थेत कामाला होता. एकूण १० जण गेले, त्यातली ७ मुलं. अमेरिकेचे तेव्हाचे सर्वोच्च लष्करी अधिकारी जनरल मिली आधी म्हणाले की स्ट्राइक योग्यच होता, मग पत्रकारांनी सीसीटीव्ही फुटेज वगैरे काढून दाखवलं, तेव्हा १७ सप्टेंबरला पेंटॅगॉनने (अमेरिकेच्या संरक्षण खात्याने) चूक मान्य केली. शिक्षा मात्र कोणालाच झाली नाही, डिसेंबरमध्ये तेही जाहीर करून टाकलं.

आठ तास बघूनही पाणी दिसलं नाही, कारण वरून दिसतात फक्त हालचाली, आणि त्यांचा अर्थ लावणारा आधीच मन बनवून बसलेला असतो.

प्रश्न: अतिरेक्यांचे म्होरके संपले ना, मग एवढा गळा कशाला काढायचा? २६/११ आम्ही पाहिलंय. (एक वाचक, दादर)

उत्तर: तुमचा राग समजतो, आणि ड्रोनने मोठे म्होरके मारले हेही खरंच आहे. पाकिस्तानी तालिबानचे बैतुल्ला मेहसूद २००९ मध्ये आणि हकीमुल्ला मेहसूद २०१३ मध्ये, अफगाण तालिबानचा प्रमुख मुल्ला मन्सूर २०१६ मध्ये. पण हिशोब पूर्ण करायचा तर दुसरी बाजूपण लिहावी लागते. अल कायदाच्या जवाहिरीला मारायला जानेवारी २००६ मध्ये पाकिस्तानातल्या बाजौरमधलं डमाडोला गाव ठोकलं, अठराएक गावकरी मेले, बायका-मुलं धरून, आणि जवाहिरी तिथे नव्हताच. तो सापडला ३१ जुलै २०२२ ला, काबूलमध्ये, बाल्कनीत उभा असताना. त्या वेळी घरच्यांना धक्का न लावता फक्त त्यालाच उडवला असं अमेरिका सांगते. म्हणजे खूप दिवस पाळत ठेवली, माणसाची खात्री केली, तर जमतं की!

२६/११ साठी मुंबईची रेकी करणाऱ्या हेडलीच्या केसमध्ये नाव आलेला पाकिस्तानातला अतिरेकी इलियास काश्मिरी तर सप्टेंबर २००९ मध्ये ‘मेला’ आणि महिनाभरात मुलाखत द्यायला हजर! मग पुन्हा २०११ मध्ये मेल्याची बातमी. पहिल्या वेळी त्याच्या नावाने कोण मेलं, विचारा कोणाला तरी.

आणि सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे सिग्नेचर स्ट्राइक, यात नावसुद्धा माहीत नसतं, नुसत्या वागण्यावरून ठरवतात. १७ मार्च २०११ ला पाकिस्तानच्या उत्तर वझिरिस्तानात दत्ता खेलला क्रोमाइटच्या खाणीचं भांडण मिटवायला जिरगा बसली होती, आपल्याकडे गावपंचायत बसते तशी. लोकांच्या म्हणण्याप्रमाणे लष्कराच्या ठाण्याला आधी कळवलं होतं. चाळीसेक माणसं मेली, बरीचशी गावातली वडीलधारी. पाकिस्तानचे लष्करप्रमुख कयानी यांनी स्वतः जाहीर निषेध केला, एरवी ही मंडळी ड्रोनबद्दल जाहीरपणे एक बोलायची आणि आतून दुसरंच चालायचं (बलुचिस्तानातला शम्सी विमानतळ २०११ च्या शेवटापर्यंत अमेरिकाच वापरत होती).

मुल्ला मन्सूरबद्दल अजून एक. तो इराणच्या बॉर्डरवरून क्वेट्टाकडे भाड्याच्या गाडीने चालला होता. ड्रायव्हरही गेला. त्याच्या घरच्यांनी पोलिसांत जाऊन अमेरिकेच्या अधिकाऱ्यांवर एफआयआर केला. चार पोरांचा बाप, भाडं मिळालं म्हणून निघालेला. त्याला तुम्ही कुठल्या रकान्यात टाकणार?

प्रश्न: मग नक्की किती निरपराध मेले? प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो. (एक वाचक, नाशिक)

उत्तर: सांगणारच, कारण मोजायची पद्धतच वेगळी. ओबामा सरकारने जुलै २०१६ मध्ये सांगितलं की २००९ ते २०१५ मध्ये युद्धक्षेत्राबाहेर (म्हणजे अफगाणिस्तान, इराक, सीरिया सोडून) ४७३ स्ट्राइक, आणि लढवय्ये नसलेले ६४ ते ११६ मृत. लंडनच्या ब्युरो ऑफ इन्व्हेस्टिगेटिव्ह जर्नालिझमने २००४ पासून एकट्या पाकिस्तानचा हिशोब काढला तो ४२४ ते ९६९. वर्षं आणि देश वेगळे आहेत, त्यामुळे थेट तुलना नको, पण फरक केवढा ते बघा. त्यात २०१२ मध्ये बातमी आली होती की हल्ल्याच्या जागी सापडलेला लढण्याच्या वयाचा पुरुष हा अतिरेकीच धरायचा, मेल्यावर निर्दोष ठरला तर तेवढं वेगळं. असा हिशोब धरला की सिव्हिलियन कमी निघणारच! २०१९ मध्ये ट्रम्पनी तर हे वार्षिक आकडे जाहीर करायची अटच काढून टाकली.

प्रश्न: आपणपण हेच ड्रोन घेतोय ना? (एक वाचक, पुणे)

उत्तर: हो, त्याच घराण्यातले. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेशी ३१ एमक्यू-९बी ड्रोनचा करार झाला, १५ नेव्हीला, आर्मी आणि एअरफोर्सला आठ-आठ. मुख्य काम समुद्र आणि सीमेवर टेहळणीचं, पण मिसाईल लावता येतात. ते कोणावर सोडायचं हे कोण ठरवणार आणि चुकलं तर कोणाला जाब विचारायचा, याचे नियम लोकांसमोर आले पाहिजेत असं माझं मत आहे. तुमच्या खासदाराला पत्र टाकून विचारा, उत्तर आलं तर आम्हाला पाठवा, याच सदरात छापू.