महेश्वरी साडी आणि ‘ले जाओ बहनजी’

प्रश्न: ताई, माहेर पुण्याचं, लग्न होऊन इंदूरला आले त्याला दोन वर्षं झाली. भाव करायची मला सवयच नाही. परवा शीतलामाता बाजारात महेश्वरी बघितली, तो ४,८०० म्हणाला, मी धीर करून ३,५०० म्हटलं तर लगेच ‘ले जाओ बहनजी’! तेव्हापासून वाटतंय की फसले. हे लोक पहिला भाव ठरवतात तरी कसा?

उत्तर: अगं, साडी आवडली ना, मग फसले फसले करू नकोस, पण तो इतका पटकन हो म्हणाला म्हणजे अजून उतरला असता हे नक्की. आमच्या सासऱ्यांचं कापडाचं दुकान होतं, तिथे लेबलच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं तीन-चार अक्षरं असायची. दहा वेगवेगळ्या अक्षरांचा शब्द ठरलेला, पहिलं अक्षर १, दुसरं २, असं करत शेवटचं शून्य, ती आमची खरेदीची किंमत. नोकरानं लेबल बघितलं की कुठपर्यंत उतरायचं ते त्याला कळायचं आणि गिऱ्हाइकाला पत्ता नाही. वरचा आकडा मात्र माणूस बघून, लग्नाची खरेदी असली की जास्त, सोबत सासूबाई असल्या की आधीच कमी (खरंच!).

आणि तुझे ३,५०० आले कुठून? त्याच्या ४,८०० मधूनच ना. ट्वर्स्की आणि काहनेमन या मानसशास्त्रज्ञांचा १९७४ साली छापलेला प्रयोग आहे, लोकांसमोर एक चाक फिरवायचं, ते मुद्दाम १० नाहीतर ६५ वरच थांबायचं, मग विचारायचं, युनोत आफ्रिकेतले देश किती टक्के? १० बघितलेल्यांचा अंदाज २५ च्या आसपास, ६५ वाल्यांचा ४५. चाकाचा न् आफ्रिकेचा काय संबंध, तरी! इथे तर आकडा साडीचाच होता.

म्हणून आधी दोन-तीन दुकानांत नुसता भाव विचारून ये, आपला आकडा घरूनच ठरवून जा. हातमाग की पॉवरलूम तेही विचार, भावातला खरा फरक तिथे आहे. मग तुझ्या आकड्याच्या खालून सुरू कर आणि नाही जमलं तर उठ, पायरी उतरेपर्यंत हाक येते बहुतेक वेळा. ‘एक दाम’ची पाटी असली तर भावाच्या मागे लागू नकोस, फॉल-पिको फुकट माग.