मंगळसूत्राखालची गाठ

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ३४. तीन वर्षांपूर्वी छातीच्या मधोमध पुळी आली, फुटली आणि तिथं मांस वाढत गेलं. आता चिंचोक्याएवढी लालसर, टणक गाठ आहे. मंगळसूत्राच्या वाट्या घासल्या की अशी खाज सुटते की झोप उडते. नणंद म्हणते, एकदाची कापून टाक. आणि १२ वर्षांच्या लेकीला कानाला दुसरं भोक पाडून हवंय. काय करू?
– एक वाचक, कराड

उत्तर : कापू नका. शिकत असताना माझ्या खांद्यावरची अशीच गाठ मी हौसेनं कापून घेतली होती. दीड वर्षात ती लिंबाएवढी होऊन परत आली.

वर्णनावरून हे केलॉइड, म्हणजे वाढत जाणारा वण, वाटतं. साधा वाढीव वण जखमेच्या हद्दीत राहतो, केलॉइड शेजारच्या चांगल्या कातडीवरही पसरतं. नुसतं कापलं तर निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त वेळा ते परत येतं. छातीवरचं तर फारच हट्टी. तरी एकदा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवाच, क्वचित अशी दिसणारी गाठ वेगळी निघते.

सुरुवात बहुधा ट्रायअ‍ॅमसिनोलोन या स्टिरॉइडच्या इंजेक्शनानं होते. थेट गाठीत, दर ३-४ आठवड्यांनी. पहिली एक-दोन दुखतात, खोटं कशाला सांगू? गाठ इतकी घट्ट असते की औषध आत ढकलताना आमचाही अंगठा भरून येतो. खाज लवकर कमी होते, गाठ बसायला मात्र महिने लागतात. मध्येच सोडू नका. त्या जागी कातडी पातळ किंवा फिकट होऊ शकते, पाळी थोडी मागेपुढे होते. मधुमेह असेल, दिवस राहिले असतील, तर आधी सांगा. एवढ्यानं भागलं नाही तर त्यात फाइव्ह-फ्लुरोयुरॅसिल हे पेशींची वाढ रोखणारं औषध मिसळतात. गरोदरपणात ते चालत नाही. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजननं गोठवताही येतं, पण आपल्या सावळ्या कातडीवर पांढरा डाग राहतो, म्हणून छातीवर मी ते टाळतो.

सिलिकॉनची पट्टी रोज किमान १२ तास, काही महिने लावायची असते. जुन्या गाठीवर एकट्या पट्टीचा फार उपयोग नाही, जोडीला ठीक. वैशाखात घामानं ती सुटते, तेव्हा सिलिकॉनचं जेल वापरा.

मंगळसूत्र काढायला मन धजत नसेल तर पोत लांब ओवून घ्या, वाट्या गाठीच्या खाली येतील अशी.

लेकीला मात्र सध्या नाहीच म्हणा. ही प्रवृत्ती घराण्यात चालते, आणि वयात येताना टोचलेल्या कानावर अशा गाठी जास्त येतात. बाळपणी टोचलेलं भोक नीट भरलंय ना, मग त्यातच हवे तेवढे डूल बदलू दे.