मूत्रमार्गाच्या फिस्टुलाला भगंदर म्हणावं का?

सोलापूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या छोट्या भाच्याचं हायपोस्पेडियासचं (लघवीचं तोंड जन्मतःच जागेवर नसण्याच्या दोषाचं) ऑपरेशन झालं आणि नंतर लघवीला दोन धारा येऊ लागल्या. कागदावर ‘युरेथ्रल फिस्टुला’ असं आहे, म्हणजे लघवीच्या नळीला पडलेलं नको ते छिद्र. मदतीच्या अर्जात कुणीतरी त्याचं ‘भगंदर’ केलं. चालेल का?

नाही ताई, तो शब्द आधी खोडा. आज मराठीत भगंदर म्हटलं की गुदद्वाराजवळचंच दुखणं डोळ्यांपुढे येतं. नवी पेठेत कुणाला सांगून बघा, क्षारसूत्र करणाऱ्या, म्हणजे औषधी दोरा बांधून ते दुखणं बरं करणाऱ्या वैद्यांचा पत्ता मिळेल. भाच्याला त्याचा काही उपयोग नाही.

जुना अर्थ मात्र एवढा आखूड नव्हता. भग, गुद आणि बस्ती या भागांचं दारण करतो, म्हणजे ते फाडतो, तो भगंदर, अशी सुश्रुताची व्युत्पत्ती. बस्ती म्हणजे मूत्राशय. त्याने सांगितलेल्या पाच प्रकारांतल्या ‘शतपोनका’त तर चाळणीसारखी भोकं पडतात आणि दुर्लक्ष केलं तर त्यांतून मूत्रही येतं. म्हणजे अर्ज लिहिणाऱ्याला अगदीच आधार नव्हता असं नाही. पण अर्ज आजचा माणूस वाचणार आहे.

‘नाडीव्रण’ हा शास्त्रीय पर्याय आहे आणि मला तो मनापासून आवडतो: नाडी म्हणजे नळी, व्रण म्हणजे जखम. लॅटिनमध्येही फिस्टुला म्हणजे नळीच. अडचण अशी की आज नाडी वैद्य बघतात किंवा पायजम्याला असते, आणि व्रण म्हणजे जखम भरल्यावर राहिलेली खूण. दोन्ही पदांचा अर्थ सरकलाय. दखनी बोलणाऱ्या घरांतला ‘नासूर’ ओळखीचा आहे, पण नासूर म्हणजे न भरणारी जखम, तो शब्द ऐकूनच घरच्यांचा धीर सुटतो.

तेव्हा सरळ लिहा: ‘मूत्रमार्गाचा फिस्टुला, लघवीच्या नळीपासून कातडीपर्यंत छिद्र पडून तिथून लघवी गळते.’ ‘मूत्रवाहिनी’ चुकूनही लिहू नका. ती मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत येते. मूत्रमार्ग त्याच्या पुढचा.

हायपोस्पेडियासला ‘अधोमूत्रमार्ग’ म्हणतात. जन्मतःच लघवीचं तोंड टोकाला नसून शिश्नाच्या खालच्या बाजूला असतं. त्या ऑपरेशननंतर असं छिद्र राहणं डॉक्टरांच्या चांगल्या परिचयाचं आहे, आणि ते बंद करण्याआधी साधारण 6 महिने थांबतात, आजूबाजूची कातडी मऊ पडावी म्हणून. अर्जात पुढच्या ऑपरेशनची तारीख लांबची दिसत असेल, तर हे कारणही एका ओळीत घाला.