प्रकाशसंश्लेषणाच्या आधी श्वसन शिकवावे

तुम्ही विचारले आहे की सातवी-आठवीची मुले प्रकाशसंश्लेषण (हिरव्या पानांनी उजेडात अन्न बनवणे) आणि पेशीय श्वसन यांची समीकरणे बिनचूक लिहितात, परंतु ‘वनस्पती श्वसन केव्हा करतात?’ असे विचारताच निम्मा वर्ग ‘रात्री’ असे उत्तर देतो, तर हा घोळ कसा निस्तरावा. लातूर जिल्ह्यातील खेड्यांत मी बरीच वर्षे विज्ञान शिकवतो आहे आणि माझ्या वर्गातही हेच उत्तर येत असे. त्याला बऱ्याच अंशी मीच कारणीभूत होतो. फळ्याच्या डाव्या बाजूला सूर्य काढून त्याखाली प्रकाशसंश्लेषण आणि उजव्या बाजूला चंद्र काढून त्याखाली श्वसन लिहिण्याची माझी पद्धत होती, आणि मुलांनी ते चित्र जसेच्या तसे डोक्यात साठवले. आता मी क्रम उलटा केला आहे. पाठ्यपुस्तकात कोणताही क्रम असो, मी आधी श्वसन शिकवतो, तेही वनस्पतीच्या श्वसनापासून, आणि ते पक्के झाल्यावरच प्रकाशसंश्लेषणाकडे वळतो.

पहिली अडचण शब्दाचीच आहे. श्वास, श्वासोच्छ्वास आणि श्वसन हे तिन्ही शब्द एकाच धातूपासून आलेले असल्यामुळे छाती वरखाली होणे म्हणजेच श्वसन, असे मुले धरून चालतात, आणि झाडाला नाक नाही, छाती नाही, म्हणून त्याचे श्वसन त्यांना खोटे वाटते. म्हणून पहिल्याच तासाला मी स्पष्ट सांगतो की श्वासोच्छ्वास म्हणजे हवेची ये-जा आणि पेशीय श्वसन म्हणजे पेशीच्या आत अन्न मोडून ऊर्जा मोकळी करण्याची क्रिया. ही दुसरी क्रिया आपल्या बोटाच्या टोकात जशी चालते तशीच बाभळीच्या मुळातही चालते.

सुरुवात मी सोयाबीनपासून करतो. परतीच्या पावसात सोयाबीनची गंजी भिजली आणि दोन-तीन दिवसांनी तिच्यात हात घातला तर आत चटका बसावा इतकी ऊब लागते, हे आमच्याकडच्या मुलांना सांगावे लागत नाही; त्या गंजीकडे हताशपणे पाहत उभे असलेले वडील त्यांनी पाहिलेले असतात. ही ऊब आली कोठून, असे विचारले की मुले आधी ऊन म्हणतात, पण ढगाळ दिवसांतही गंजी तापते हे त्यांच्यातलेच कोणीतरी सांगते. मग उत्तर सापडते. ओला दाणा जिवंत असतो, त्यावर वाढणारी बुरशी आणि जिवाणू तर फारच जोमात असतात, आणि हे सगळे मिळून दाण्यात साठलेले अन्न ऑक्सिजनच्या साहाय्याने मोडत असतात. त्यातून सुटलेल्या ऊर्जेचा बराच भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो.

दुसरे उदाहरण पेवाचे. ज्वारी साठवण्यासाठी जमिनीत खोदलेले पेव आता क्वचितच दिसते, पण घरातील म्हाताऱ्या माणसांना विचारून येण्यास मी मुलांना सांगतो. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचे नाही, तोंड बराच वेळ मोकळे ठेवायचे आणि कंदील खाली सोडून तो विझतो का ते पाहायचे, ही जुनी रीत मुले दुसऱ्या दिवशी वर्गात आणतात. बंद पेवातील धान्य, कीड आणि बुरशी यांनी ऑक्सिजन वापरून टाकलेला असतो आणि कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचून राहतो; घाईने उतरलेली माणसे त्यामुळेच गुदमरून दगावत. (कंदील जळत राहिला म्हणजे धोका टळला असे समजू नये, हेही मी बजावतो.) श्वसनाचे समीकरण फळ्यावर लिहिण्याआधीच त्यातील ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड आणि ऊर्जा अशा रीतीने मुलांच्या हाती आलेली असतात.

त्यानंतर प्रयोग. दोन थर्मास घ्यावेत, एकात मोड आलेली मटकी आणि दुसऱ्यात उकडून गार केलेली तेवढीच मटकी भरावी, तोंडाशी कापसाचा बोळा लावून त्यातून तापमापी आत सोडावी आणि दुसऱ्या दिवशी दोन्हींचे तापमान वाचावे. उकडलेली मटकी जंतुनाशकाच्या पाण्यातून काढावी, नाहीतर ती आंबते आणि तीही तापते; माझा प्रयोग एकदा याच कारणाने फसला होता. दुसऱ्या बाजूला पानाला लावायचा चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवावा, वरची निवळी अलगद काढून एका वाटीत घ्यावी आणि ती वाटी मोड आलेल्या मटकीसोबत झाकणाच्या बरणीत बंद करावी. मटकीने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे निवळीवर पांढरी साय धरू लागते आणि हळूहळू ती दुधाळ होते. ही बरणी मी मुद्दाम भर दिवसा खिडकीच्या उजेडात ठेवतो, कारण श्वसन रात्रीचे काम आहे ही समजूत तेथेच मोडायची असते.

एवढे झाल्यावर मुले आपणहून विचारतात की दाण्यात हे अन्न आले कोठून. प्रकाशसंश्लेषण शिकवण्याची वेळ ती.

झाड आपले अन्न मातीतून घेते, ही समजूत शेतकऱ्याच्या घरात अधिकच घट्ट असते, कारण खत टाकले की पीक वाढते हे डोळ्यांसमोर दिसते. येथे मी सतराव्या शतकातील शास्त्रज्ञ व्हॅन हेल्मॉन्ट याचा प्रयोग सांगतो. त्याने वाळवून तोललेल्या सुमारे ९० किलो मातीत सुमारे २.३ किलोचे विलोचे रोप लावले आणि ५ वर्षे फक्त पाणी घातले. झाड सुमारे ७७ किलोचे झाले आणि माती घटली ती साधारण ५७ ग्रॅम. हा वृत्तांत त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये प्रसिद्ध झाला. झाडाचे सगळे वजन पाण्यातून आले असा निष्कर्ष त्याने काढला आणि तो अपुरा होता. मला या गोष्टीत सर्वांत विलक्षण वाटते ते हे की कोळसा जळताना निघणारा वायू, म्हणजे आपला कार्बन डायऑक्साइड, वेगळा ओळखणारा आणि ‘गॅस’ हा शब्द घडवणारा माणूसही तोच होता. झाड आपले अन्न पाणी आणि हाच वायू यांपासून बनवते, म्हणजे झाडाचे निम्मे उत्तर त्याच्या हातात होते. खताचे काय, हा प्रश्न येतोच, आणि त्याला उत्तर दिले पाहिजे: नत्र, स्फुरद, पालाश यांच्याशिवाय पेशी आणि हरितद्रव्य घडत नाही, पण ती पिकाची ऊर्जा नव्हे.

साखर पानात तयार होते आणि दाण्यात जाते, हे हुरड्याइतके दुसरे काही पटवत नाही. आगटीत भाजलेल्या कोवळ्या कणसाचा दाणा गोड लागतो आणि तीच ज्वारी पक्व झाल्यावर तशी लागत नाही, कारण पानांकडून आलेल्या साखरेचे तोवर स्टार्चमध्ये रूपांतर झालेले असते. पानाचे हरितद्रव्य गरम स्पिरिटमध्ये उतरवून त्यावर आयोडीन टाकायचे आणि निळा-काळा रंग आला की स्टार्च आहे असे समजायचे, ही चाचणी सर्वांना ठाऊक आहे. फक्त स्पिरिट कधीही थेट आचेवर तापवू नका, गरम पाण्यात नळी ठेवून तापवा.

सर्वांत जास्त वेळ द्यावा तो हायड्रिला या पाणवनस्पतीच्या प्रयोगाला. पाण्यात नरसाळ्याखाली ठेवलेल्या हायड्रिलातून उन्हात बुडबुडे येतात, सावलीत ते मंदावतात आणि अंधुक उजेडात थांबतात. बुडबुडे थांबले म्हणजे प्रकाशसंश्लेषण थांबले, असे जवळजवळ सगळी मुले म्हणतात. तसे नसते. वनस्पती तयार होणारा ऑक्सिजन आधी स्वतःच्या श्वसनासाठी वापरते आणि उरलेला बाहेर सोडते. अंधुक उजेडात जेवढा बनतो तेवढा खर्चतो, म्हणून बाहेर काही दिसत नाही. घरातील मिळकत आणि खर्च यांचा हिशेब मुलांना येतो, आणि खर्च दिवसाही चालूच असतो हे त्यांना येथे नीट कळते. पावसाचा मोठा खंड पडला की पीक माना टाकते, पाणी वाचवण्यासाठी पर्णरंध्रे मिटतात, कार्बन डायऑक्साइड आत येईनासा होतो आणि मिळकत घटते, पण श्वसन काही थांबत नाही. खंडानंतर सोयाबीनचा दाणा बारीक का भरतो, याचे एक कारण त्या हिशेबात आहे.

दोन्ही समीकरणे शेजारी लिहाल तेव्हा ती एकमेकांची उलटी क्रिया आहेत असे म्हणून थांबू नका. द्रव्ये तीच येतात-जातात हे खरे आहे, आणि ते तोलूनही दाखवता येते: २६४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि १०८ ग्रॅम पाण्यापासून १८० ग्रॅम ग्लुकोज आणि १९२ ग्रॅम ऑक्सिजन, दोन्हीकडे ३७२ ग्रॅम. पण प्रकाशसंश्लेषण पेशीतील हिरव्या कणांत, म्हणजे हरितलवकात चालते, श्वसनाचा मोठा भाग पेशीतील तंतुकणिका या दुसऱ्याच घटकात चालतो, दोन्हींचे टप्पे वेगळे आहेत, आणि प्रकाश म्हणून आत आलेली ऊर्जा पुन्हा प्रकाश होऊन बाहेर पडत नाही. ती पेशीच्या कामाला येते आणि अखेर उष्णता होऊन विरते.

शेवटच्या तासाला मी एकच प्रश्न लिहून घेतो: काचेच्या बंद पेटीत तुळशीची कुंडी ठेवली, तर दुपारी बारा वाजता तिच्या पानात कोणत्या क्रिया चालू असतील, मुळात कोणत्या, आणि रात्री बारा वाजता कोणत्या? दुपारी पानात दोन्ही, मुळात फक्त श्वसन, रात्री दोन्हीकडे श्वसन, असे ज्याने लिहिले त्याला समीकरण पाठ नसले तरी मी पुढच्या धड्याकडे जाऊ देतो. ज्याचे मुळाचे उत्तर चुकते, त्याच्याकडून मटकीची बरणी पुन्हा भरून घेतो.